राखाडी अस्तर

हाडाची अकरा बटणं. पायरीवर गोठलेला बर्फ. दाराजवळची रिकामी खुंटी. दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचा, घोट्यापर्यंतचा लोकरी कोट; एक टाकाही मशीनचा नाही.

स्वतः शिवलेला तो कोट घालून ती ऑफिसला निघाली, तर बाबा नुसत्या सदऱ्यावर दारात उभे.

"ओ बाई, माझा राखाडी कोट पाहिलात का? लेकीची शाळा सुटेल. कुडकुडत बसेल पोर."

"बाबा, मीच आहे ना ती."

"म्हाताऱ्याची चेष्टा करता होय? तीही नाटकातल्या राणीसारखं नटून!"

तिने कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला. ते आतलं अस्तर चाचपत राहिले. छातीपाशी, तिच्या बारीक टाक्यांवर, बोटं थांबली.

"कापड ओळखीचं वाटतंय. पण हा माझा नाही. माझ्या कोटाला इथे खिसा आहे, तिच्या हातमोज्यांसाठी."

कोट नीट घडी करून त्यांनी तिच्या हातात दिला आणि तसेच बर्फात उतरले. ती हाका मारत मागे धावली.

गेल्या महिन्यात अस्तरासाठी त्यांचा राखाडी कोट उसवताना दोरे बाबांनीच ओढून काढले होते. म्हणाले होते, "घे गं. मला आता कुठे जायचंय?"