चढावरचं दुसरं मेपल

“चढ चढताना छातीत कधी दुखतं?” मिस हॅलेटनं विचारलं.

“छे! चला एकदा माझ्याबरोबर चर्चच्या चढावर,” ओनेझिम म्हणाला. “बघू कोण आधी दमतं ते.”

नर्स हसली आणि तिनं ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली. भिंतीलगतच्या खुर्चीत त्याची बायको रोझाना बसली होती. ती मांडीवरच्या त्याच्या टोपीकडे बघत राहिली.

अर्ध्या तासापूर्वीच, दवाखान्याकडे येताना, त्याच चढावरच्या दुसऱ्या मेपलच्या झाडापाशी तो थांबला होता. “लेस सुटली,” म्हणून वाकला होता. रस्त्याकडेला अजून बर्फ होतं आणि त्याच्या कपाळावर घाम. ती नेहमीसारखी दोन पावलं पुढे जाऊन पाठ करून उभी राहिली. तीन वर्षं ती अशीच उभी राहत आली होती.

माणसाचं हृदय बंद का पडतं, ते शोधायला आठ वर्षांपूर्वी डॉक्टर लोक या गिरणीच्या गावात आले. त्यांनी गावातल्या निरोगी माणसांची यादी केली. दर दोन वर्षांनी रक्त, वजन, हृदयाचा आलेख आणि हे लांबलचक प्रश्न. पहिल्या दिवशी ओनेझिम आणि त्याचा थोरला भाऊ ओडिलॉन एकाच रांगेत उभे होते. छातीत दुखतं, हे ओडिलॉननं खरं सांगितलं. “तुमचं हृदय आधीच आजारी आहे, तुम्हाला घेता येणार नाही,” असं म्हणून डॉक्टरांनी त्याचं नाव कापलं. दोन हिवाळेही त्यानं काढले नाहीत. ओनेझिमच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं: यादीत नाव आहे तोवर डॉक्टरांचं आपल्यावर लक्ष आहे. नाव गेलं की माणूस गेला.

“अरे, एकदा सांगून तर बघ,” ती घरी म्हणायची.

“आणि नाव कापून घेऊ? ओडिलॉनचं काय झालं, बघितलंस ना? तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मदर मेरीची शपथ घे.”

तिनं शपथ घेतली होती.

“मिसेस लाफ्लाम,” मिस हॅलेट कागद आवरत तिच्याकडे वळली, “खरं बोलतोय ना हा?”

रोझानानं तोंड उघडलं. ओनेझिम तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर ती बोललीही असती. पण तो नुसता विनवत होता.

“घोरतो फार,” ती म्हणाली.

तिघंही हसले.

एप्रिलात थंडी सरली, तशी ओनेझिमनं खिडक्यांवरची हिवाळ्याची जादा तावदानं काढायला घेतली. तिसरं तावदान घेऊन तो तळघराच्या पायऱ्या उतरत होता. रोझानाला स्वयंपाकघरात काच फुटल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

पंधरा दिवसांनी यादीचं काम बघणारे डॉक्टर पीबडी घरी आले. काखेत त्याच प्रश्नांच्या कागदांची चळत होती.

“नाव कापायला आलात?” रोझानानं विचारलं.

“कुणाचं?”

मग तिनं सगळं सांगितलं. शपथ जिवंत माणसासाठी होती. डॉक्टर ऐकत होते. पेनाचं टोपण काढत होते, पुन्हा लावत होते.

“बाई, एकदा यादीत घेतलेल्या एकाचंही नाव आम्ही कधी कापलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “दुखणं सुरू कसं होतं ते बघायचं होतं, म्हणून आरंभाला निरोगी माणसं घेतली. ज्याच्या छातीत पहिल्यांदा दुखेल, त्याचीच तर आम्ही वाट बघत होतो.”

“सांगितलं असतं तर वाचला असता?”

डॉक्टरांनी खिडक्यांकडे पाहिलं. तीन मोकळ्या होत्या, बाकीच्यांवर अजून जादा तावदानं होती.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले. “खरंच ठाऊक नाही. त्यासाठीच तर घरोघर विचारत फिरतो.”

त्यांनी कागद पुढे ओढला. “पहिल्यांदा केव्हा दुखलं, आठवतं?”

“तीन वर्षांपूर्वी. फेब्रुवारीतला दुसरा रविवार. चर्चला, मासच्या प्रार्थनेला निघालो होतो. चढावरचं दुसरं मेपल.”

“तो म्हणाला तुम्हाला, दुखतंय म्हणून?”

“नाही. लेस सुटली म्हणाला.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली.

“मी पुढे जाऊन पाठ करून उभी राहिले,” रोझाना म्हणाली. “त्याच्या पायात गमबूट होते.”