पिकअपचा टप

माझा धाकटा भाऊ तालिब पिकअप चालवतो. त्याच्याच गाडीचं मॉडेल मी प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून बनवलं होतं, पण सोडलं की ते डावीकडेच ओढायचं. त्या दुपारी वैतागून मी त्याचा टप काढला, आत बोटं घालून स्टिअरिंगचं दातेरी चाक बदललं आणि टप पुन्हा दाबून बसवला. टक् वाजलं. मॉडेल टेबलावरून सरळ धावलं.

संध्याकाळी, फरशीला घासणारं आमचं दार खांद्यानं ढकलून तालिब आत आला आणि मटकन खाली बसला.

"आपा, दुपारी आण्याच्या घाटात स्टिअरिंगच फिरंना. गाडी डावीकडं, दरीकडंच चालली व्हती. मंग आपसूक सरळ झाली."

माझा जीव भांड्यात पडला. चहा घेता घेता तो हसायला लागला.

"पर आपा, त्याच्या आधी कॅबिनमधी वरनं लई उजेड आला. जसा काय गाडीला टपच न्हाई. मंग टक् वाजलं."

बाहेर अंधारलं होतं. तरी आमच्या स्लॅबच्या कडेनं उजेडाची एक रेघ उमटली.

वर टक् वाजलं.

आणि आमचं दार न घासता, अगदी अलगद, आपलं आपण लागलं.