एल्मरची बादली

"माणूस बिअर बनवत नाही, स्वच्छता बनवते!" विस्कॉन्सिनमधल्या आपल्या तळघरात एल्मरने जाहीर केलं, आणि मुरवायच्या बादलीत तिसऱ्यांदा आंबट निघालेली घरची बिअर मोरीत ओतली. जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा यंदाही हुकली. नळ्या उकळून झाल्या, झाकणं जंतुनाशकात बुडवून झाली, बिचाऱ्या कुत्र्याला तर तळघराचा जिनासुद्धा बंद होता.

"आता जंतुनाशकाने अंघोळ करायचा मीच तेवढा राहिलोय!" तो चरफडला.

जिन्यात त्याची बायको डोरीन कोबीचे दोन गड्डे काखोटीला मारून उभी होती.



"ओतून झालं असेल तर दे ना रे बादली. माझा कोबी दरवर्षी तिच्यात जसा आंबतो ना, तसा दुसऱ्या कशातच नाही. आणि हे बघ, फार घासू नकोस, नुसती विसळून दे."