भरतीच्या वेळा

सूरज कारखान्यातून घरी आला, तेव्हा दिव्याचे केस पुन्हा ओले होते. सकाळी ती न्हाऊन पूजेला बसलेली त्याने स्वतः बघितली होती.

"उकडत होतं, म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं," ती म्हणाली. त्याने काही विचारलंही नव्हतं.

संशयाला पाय फुटायला एवढं पुरलं. मग त्याला सगळंच दिसू लागलं. तिच्या पिशवीच्या तळाशी वाळू. बाहेर जायची वेळ रोज वेगळी, कधी सकाळी, कधी भर दुपारी. भाजी चिरताना गुणगुणणं. मुलगी इशिता लग्न होऊन नाशिकला गेली, त्यानंतर वर्षभर ही बाई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. "खाऊनपिऊन सुखी घर आहे, तुला कसलं दुःख?" असं तो वैतागून म्हणायचा. मग आता एकाएकी हा तजेला कुठून आला?

एकदा ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना तिचा फोन वाजला. नाव होतं, धर्माजी. सूरजने उचलला. पलीकडून भरदार आवाज आला, "बाय, उद्या जरा लवकर ये. मी वाट बगतो." आणि फोन बंद.

सूरजच्या अंगाची लाही लाही झाली. फोन त्याने होता तिथे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने खाडा केला. भाईंदर पश्चिमेला ती चौकच्या बसमध्ये चढली, तशी त्याने मागून रिक्षा केली. चौक गावात उतरून ती होड्यांमधून सरळ किनाऱ्याकडे गेली. तो एका होडीआड उभा राहिला.

भरती चढत होती. सत्तरीचा एक कोळी कमरेभर पाण्यात उभा होता. बाजूला त्याची म्हातारी आणि गावातल्या दोघी-तिघी बायका. दिव्या पंजाबी ड्रेसवरच पाण्यात शिरली, आडवी झाली आणि सपासप हात मारत म्हाताऱ्यापर्यंत गेली.

"शाबास, बाय! आता भ्यायाचं काम न्हाय!" धर्माजी ओरडला. बायका हसल्या. दिव्याही हसली, खळखळून.

सूरजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेर आली, तेव्हा तो समोरच उभा होता. ती दचकली नाही. ओढणी पिळत राहिली.

"पोहायलाच शिकायचं होतं, तर माझ्यापासून लपवलंस कशाला?"

"मग कशासाठी, तेही सांगावं लागलं असतं."

"सांगायचंस की. मी काय खाल्लं असतं तुला?"

दिव्या ओल्या वाळूवर बसली. "अहो, इशिता गेल्यावर मी कितीदा तरी खाडीवर जाऊन बसले. घरी परत यायचं नाही, असं ठरवून. एकदा तिथून उठवेचना, तेव्हा माझीच मला भीती वाटली."

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणून शिकले. पुन्हा कधी तसं मनात आलंच, तर बुडता येऊ नये."