डावा विळा

दसऱ्याच्या सकाळी सिल्वासाच्या कारखान्यातला कामगार सुकदेव टोकरखाड्यातल्या आमच्या घरी आला, तेव्हाच मला त्याच्या हेतूविषयी शंका आली. “आजी, आपलं आडनाव एकच. आमचे खापरपणजोबा इकडूनच पलटणीत गेले, मग खानदेशात शेती केली.” “आमच्या खापरपणजोबांना काबूलच्या लढाईत वीरमरण आलं,” मी सुनावले. “जमिनीत वाटा हवा असेल तर वकील आण.” “मी काही मागाले नाही आलो. त्यांचं घर शोधतोय.” त्याने पिशवीतून त्यांचा जुना विळा काढला. दाते उलट्या बाजूने पाडलेले, डावखुऱ्यासाठी. मी देवघरातल्या विळ्यावरचे लाल वस्त्र दूर केले. पलटणीत जाण्यापूर्वी खापरपणजोबांनी वापरलेल्या त्या विळ्याचे दातेही तसेच होते. शेजारी त्यांच्या पत्नीचा चांदीचा टाक होता. “चाळीस वर्षं ही विधवा म्हणून जगली,” मी म्हणाले. “आधी हिची क्षमा माग. मग पूजेला बस.”