स्क्रममधली सोयरीक

पंचबाईंनी हात खाली केला, दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून भिडल्या, डोक्यांत डोकी अडकली आणि ग्रंथपालबाईचा कान नेमका रोडरोलरच्या कानाला जाऊन चिकटला.

“नमस्कार, ताई,” ग्रंथपाल दातांवरचं रबरी कवच सांभाळत म्हणाली.

“नमस्कार. घरी सगळे बरे?”

“मजेत. उद्या चारला येताय ना?”

“चारला,” रोडरोलर म्हणाली, तेवढ्यात बॉल आत आला.

महिला रग्बीचा अंतिम सामना होता. देशात दोन लीग, दोन्हींचे विजेते आज समोरासमोर. स्क्रममध्ये, म्हणजे या डोकी भिडवून केलेल्या रेटारेटीत, ज्या जास्त रेटतील त्यांचं फावतं, आणि रेटण्यात ग्रंथपालचा हात धरणारी कोणी नव्हती. आठवडाभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसून पुस्तकांवर शिक्के मारणारी ही बाई रविवारी समोरचीला थेट कुंपणापर्यंत पोचवून यायची. आज समोर होती ती दातांची डॉक्टर. तिला रोडरोलर हे नाव पेशंटांनी दिलं की खेळाडूंनी, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

एरवी हा सामना म्हणजे पर्वणीच. पण ग्रंथपालच्या धाकट्या बहिणीचं आणि रोडरोलरच्या दादाचं जमलं होतं. दोघं चार-सहा वेळा भेटलेही होते. घरच्यांनी मात्र अजून फोटोच पाहिले होते, आणि उद्या मुलाकडची मंडळी घरी यायची होती. याआधी धाकटीची दोन ठिकाणची बोलणी फिसकटली होती आणि दोन्ही वेळेला फिसकटवणारं तोंड थोरलीचं होतं. एका मुलाच्या काकांना तर तिने वाचनालयातल्यासारखं “आवाज खाली” म्हणून गप्प बसवलं होतं. धाकटी तेव्हा एका शब्दाने बोलली नव्हती. तेच ग्रंथपालला जास्त लागलं होतं. आता गेले तीन महिने धाकटी अंघोळ करताना गाणी म्हणत होती. बेसूर म्हणत होती, पण म्हणत होती.

सकाळी ग्रंथपाल बुटांच्या नाड्या बांधत असताना आईने बजावलं होतं, “त्या मुलीला चिखलात लोळवलंस तर संध्याकाळी घरी येऊ नकोस. मुलाकडची आहे ती. मान राख.”

म्हणून ग्रंथपाल मान राखत होती. वाकत होती, धरत होती, तोंड वेडंवाकडं करून कण्हतही होती. फक्त रेटत नव्हती. बाकीच्या सात जणी जीव तोडून रेटत होत्या आणि तो सगळा जोर हिच्या खांद्यांत येऊन जिरत होता. नवल म्हणजे स्क्रम मागेही जात नव्हता. रोडरोलर आपल्याला खेळवतेय, कीव करतेय, असं वाटून ग्रंथपालचं डोकं तापत होतं. तरी ती तोंड मिटून राहिली. हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमत होतं.

“ढकलणार आहात की इथेच मुक्काम?” पंचबाई तिसऱ्यांदा ओरडल्या.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा ग्रंथपालचा संघ दोन गुणांनी मागे होता. स्क्रम मिळाला तो समोरच्यांच्या रेषेपासून पाच पावलांवर. बॉल रेषेपार जमिनीला टेकवला की पाच गुण. कप्तानबाईचा हा शेवटचा सामना होता. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, ती या एका चषकासाठी थांबली होती. तिने ग्रंथपालचा चिखलाने माखलेला हात धरला.

“काय झालंय तुला, मी विचारत नाही,” ती म्हणाली. “पाच पावलं दे. बस.”

तिचे डोळे भरून आले होते.  ग्रंथपालपुढे एकीकडे धाकटी होती, एकीकडे ही. डोकी पुन्हा भिडली, कानाला कान लागला.

“ताई, राग मानू नका,” ग्रंथपाल कुजबुजली. “आता मला ढकलावं लागणार.”

“आता?” रोडरोलर म्हणाली. “म्हणजे इतका वेळ तुम्ही ढकलत नव्हतात?”

“आईने सांगितलं होतं. मुलाकडच्यांचा मान राख म्हणून.”

 रोडरोलर हसायला लागली, आणि तिच्याबरोबर सोळाच्या सोळा जणी गदगदल्या.

“अहो, मला माझ्या आईने हेच सांगितलंय! मुलीकडच्यांना दुखवलंस तर याद राख म्हणाली. दादाला आठ ठिकाणांहून नकार आलाय.”

“म्हणजे तुमचा होकार आहे?”

“कधीचाच. उद्या नुसता चहा प्यायला येतोय. तुमचा?”

“पक्का.”

“शब्द?”

“शब्द.”

“मग ढकल ना गं बये, वाट कसली बघतेस!”

बॉल आत आला आणि ऐंशी मिनिटं कोंडलेली दोन इंजिनं एकदम सुटली. पहिलं पाऊल रोडरोलरने मिळवलं. पुढची सगळी ग्रंथपालने. रोडरोलरचे बूट मातीत चर पाडत मागे गेले, स्क्रम तिच्यासकट रेषेपार गेला आणि कप्तानबाईने रडत रडत बॉल जमिनीला टेकवला. शिट्टी वाजली. चषक ग्रंथपालच्या संघाचा झाला.

रोडरोलर उताणी पडली होती. तोंडातला चिखल थुंकून तिने एका डोळ्याने वर पाहिलं.

“एक विचारू? तुझी धाकटीपण अशीच आहे का गं? नाही म्हणजे, आमचा दादा जरा किडकिडीत आहे.”

“छे गं!” तिला उठवायला हात पुढे करत ग्रंथपाल म्हणाली. “आमच्या घरातली नाजूक मीच.”