पहिली पसंती नागपूर

"नागपूरची जागा शेवटी किती नंबरवाल्याले भेटली?" मारोतरावांनी विचारलं.

मोनिकाचा कप बशीवर वाजला. ती नागपूरहून माहेरी तुमसरला निघाली होती. भूपेंद्रनं दिलेली केळ्याच्या वेफर्सची पिशवी द्यायला वाटेत भंडाऱ्याला थांबली. ती आणि भूपेंद्र एकाच कंपनीत वैमानिक. तिचा मुक्काम नागपूरला, त्याचा कोचीला.

"मलेच भेटली, काका. माझा नंबर एकशे एकतीस."

मारोतराव जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं सीनिऑरिटी लिस्ट वाचून लग्नपत्रिकेतली नावंही ते त्याच नजरेनं वाचत. मुलाचा, भूपेंद्रचा, नंबर त्यांना पाठ होता. शहाण्णव.

"म्हणजे आमचा तुह्यापेक्षा पस्तीसनं वर. अन् मले सांगते, नंबरच लागत नाही. चार वर्षं झाली!"

मोनिकानं भूपेंद्रच्या आईकडे, चंद्रकांताबाईंकडे पाहिलं. त्या वेफर्स ताटलीत काढत होत्या.

"घे वं माय, काही खाल्लंच नाही तू."

"मागावं लागते, काका," मोनिका हळूच म्हणाली. "वर्षातून दोनदा पसंती भरायची. नंबर वरचा असला तरी न मागता कोणी देत नाही. आज पाचला बंद होते. तोवर कितीदाही बदलता येते, शेवटी भरलेलं धरतात."

सव्वाचार झाले होते. मारोतरावांनी फोन लावला, स्पीकरवर.

"भूपेंद्र, नागपूर मागितलं होतं का तू? खरं सांग."

पलीकडे भूपेंद्र नुसता खाकरला.

"कोचीत काही लफडं आहे का?"

"नाही, बाबा."

"मंग काहून? वरच्या दोन खोल्या कबुतरांसाठी बांधल्या का मी? तुही माय वर्षातले पाच महिने तिकडं तुह्यासाठी राबते. मी इकडं डबा खातो. तिच्या जिवाचा तरी इचार कर. का मी मेल्यावर येशीन?"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. चंद्रकांताबाई पदरानं ताटलीची कड पुसत राहिल्या.

"भरतो, बाबा."

"आत्ता भर. अन् फोटो पाठव. पोरगी बसली आहे इथं, खरा का खोटा ते पाहील."

चार अडतीसला फोटो आला. मोनिकानं तो मोठा करून पाहिला.

"बरोबर आहे, काका. पहिली पसंती नागपूर."

"भेटंल?"

"त्याच्या वरचं कोणी नागपूर मागून नाही राहिलं. भेटलंच समजा."

मारोतरावांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. शेजारच्या गोपीचंदला सांगायला ते निघाले ते बायकोच्या चपला घालून. मोनिकाही हसत उठली. तिची गाडी वळेपर्यंत चंद्रकांताबाई फाटकात हात हलवत उभ्या होत्या.

मग त्या आत आल्या, कडी लावली आणि भूपेंद्रला फोन केला.

"गेले ते. दहा मिनिटं आहेत. दरवेळसारखं कोची टाक."

"आई, यावेळी राहू दे ना वं. बाबा रडून राहिले होते."

"तू इथं आला, तं मी कुठं जाऊ?"